रांगेतील पहिली जागा

आदर्श नगरातील एका जुन्या दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर शालनबाई राहतात आणि तेथेच मराठी जेवणाचे डबे करतात. रुग्णालयात शिकावयास आलेले तरुण डॉक्टर, तसेच बदली होऊन आलेले आणि कुटुंब अजून गावाकडेच ठेवलेले बँकेतले अधिकारी, असे लोक त्यांचा डबा घेतात. जयपुरात ज्वारीची भाकरी मिळते हेच पुष्कळांना प्रथम खरे वाटत नाही. वयाची साठी उलटल्यानंतर या शालनबाई एक डोंगर कशा चढल्या, त्याची ही हकिगत आहे.

त्यांचे माहेर कऱ्हाडजवळचे. लग्न होऊन त्या पती नंदकिशोर यांच्यासह जयपूरला आल्या, तेव्हा त्यांना हिंदीतले एक वाक्यही धड बोलता येत नव्हते. भाजीवाल्याला बोटाने दाखवून त्या भाजी मागत. नंदकिशोर सीतापुऱ्यात तयार कपड्यांच्या एका कारखान्याचे कोठार सांभाळत. सकाळी बस धरावी, दिवेलागणीला परत यावे, बशीत ओतून चहा प्यावा, असा त्यांचा क्रम होता. माणूस शांत होता. त्यांना हौस म्हणावी तर एकच होती. थंडीच्या दिवसांत ते कारखान्यातील मित्रांबरोबर शहराबाहेर कानोत्याच्या धरणावर जात, पलीकडचा डोंगर चढत, आणि उतरून आल्यावर सर्वजण मिळून दाल-बाटी करून खात. "एकदा तू चल," असे ते दरवर्षी शालनबाईंना म्हणत. डबे कोण करणार, म्हणून शालनबाई दरवर्षी मागे राहत. त्यात कोणाचा दोष नव्हता. संसारात असे होते.

पुढे नंदकिशोर यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले. शालनबाई पहाटे उठून डबे भरत, मग पतीला घेऊन रुग्णालयात जात. यंत्राला जोडलेल्या माणसाजवळ अर्धा दिवस बसून राहणे हे पाहणाऱ्याला काम वाटत नाही, पण त्याने माणूस आतून मोडून जातो. घरी परतल्यावर रात्रीचे डबे असतच. अशी कित्येक वर्षे गेली. मग एका थंडीच्या शेवटी नंदकिशोर वारले. भेटावयास आलेला प्रत्येक जण म्हणाला, "आता तुम्ही जरा विश्रांती घ्या."

शालनबाईंनी विश्रांती घेऊन पाहिली. दुपारी त्या पलंगावर पडत आणि छताकडे पाहत. तो थकवा झोपेने जाणारा नव्हता. सकाळी त्या उठत, तेव्हा तो त्यांच्या आधीच उठून बसलेला असे.

आता बापूंविषयी सांगितले पाहिजे. रुग्णालयात नंदकिशोर यांच्या शेजारच्या खाटेवर बापू नावाचे एक गृहस्थ असत. मूळचे सोलापूरकडचे, केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झालेले. जागा स्वस्तात मिळाली म्हणून त्यांनी कानोत्याला छोटे घर बांधले होते. दोघे पुरुष यंत्राला जोडलेले असताना क्रिकेटवरून मराठीत भांडत. बापूंच्या पत्नी प्रभाताई आणि शालनबाई बाहेरच्या बाकावर बसून आळीपाळीने डुलकी घेत. एकीने झोपावे, दुसरीने परिचारिकेच्या हाकेकडे कान ठेवावा. एवढ्या सोबतीत दोघींची मैत्री झाली होती.

नंदकिशोर गेल्यानंतर प्रभाताई एकट्याच बापूंना आणू लागल्या. डायलिसिसनंतर बापूंना चक्कर येई आणि कानोत्यापर्यंतचा प्रवास बसने करावा लागे. पावसाळ्यात एकदा ते बसच्या पायरीवरून पडले आणि त्यांचे कपाळ फुटले. तेव्हापासून ते "आज राहू दे" असे म्हणू लागले. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना "राहू दे" या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याच सुमारास, मार्गशीर्षातील एका सकाळी, वासंतीवहिनी शालनबाईंच्या स्वयंपाकघरात आल्या. वासंतीवहिनी म्हणजे शेजारच्या बँक अधिकाऱ्यांच्या पत्नी. यजमान निवृत्त झाले तरी त्या अमरावतीला परत गेल्या नाहीत, आणि त्यांच्या जिभेची धारही जयपूरच्या हवेने बोथट झाली नाही. शालनबाईंची मुलगी भार्गवी त्या दिवशी माहेरी आली होती. तिला सहावा महिना होता आणि ती ओट्याशेजारी स्टुलावर बसून मटार सोलत होती.

"डॉक्टर अनिमेष आहेत ना, तुझा डबा खाऊन मोठे झालेले," वासंतीवहिनी म्हणाल्या, "त्यांच्या संस्थेची डोंगर चढाई आहे. गेलेल्या माणसाचं नाव पाठीवर लावायचं आणि चढायचं. मी माझ्या भावासाठी नाव दिलंय. तूही दे."

"मला जिना चढवत नाही, वहिनी."

"मग डोंगर चढ. डोंगराला जिना नसतो."

"आई, मतलब तू खरंच विचार करते आहेस?" भार्गवी म्हणाली. ती जयपुरात वाढलेली, त्यामुळे तिची मराठी अशीच आहे. "तुझे घुटने बघ आधी."

"गुडघे."

"तेच. मी गेले असते तुझ्या जागी, पण आता कशी जाऊ?"

"तू मटार सोल."

वासंतीवहिनींनी मग सर्व नीट सांगितले. अनिमेष यांची संस्था डायलिसिसच्या रुग्णांना घरून आणते आणि परत घरी सोडते. त्यासाठी एक गाडी आहे, पण तिच्यात जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ. सीतापुऱ्यातील एक शेठजी चढाई पूर्ण करणाऱ्या प्रत्येक माणसामागे एका रुग्णाच्या जागेचा वर्षभराचा खर्च उचलतात. रुग्ण कोण, ते चढणाऱ्याने सांगावयाचे. मात्र शेठजींचा नियम कडक आहे. माथ्यावर पाय लागला तरच जागा. जो अर्ध्यावर थांबला त्याची चढाई त्यांच्या हिशेबी झालीच नाही.

"बापूंना जागा मिळेल," वासंतीवहिनी म्हणाल्या.

शालनबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"डोंगर कुठला?"

"कानोत्याच्या पलीकडचा. भैरूजीची डूंगरी म्हणतात."

तोच तो डोंगर होता. शालनबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले आणि ती उलटली. मग म्हणाल्या, "घाला नाव."

त्यांना उत्साह वाटला असे म्हणणे खोटे ठरेल. नाही म्हटले असते, तर पुढच्या वेळी प्रभाताईंच्या तोंडाकडे पाहावे लागले असते. ते त्यांना डोंगरापेक्षा जड वाटले. प्रभाताईंना मात्र त्यांनी काही कळवले नाही. आशा लावून मग ती मोडणे त्यांना पटत नव्हते.

त्यानंतर वासंतीवहिनी त्यांना रोज सकाळी जवळच्या एका टेकडीवर नेऊ लागल्या. शालनबाई भार्गवीचे बूट दोन मोजे चढवून घालत. दुपारी त्या पाठीवर लावावयाचे पांढरे कापड शिवत बसत. भार्गवीने त्यावर पेन्सिलीने पतीचे नाव लिहून दिले होते आणि शालनबाईंनी त्यावर लाल दोऱ्याचे टाके घातले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. अक्षर वाकडे झाले की त्या टाके उसवीत आणि पुन्हा घालीत. घाईने शिवलेले नाव त्यांना चालणार नव्हते.

पौष संपता संपता चढाईचा दिवस आला. डोंगराच्या पायथ्याशी धुके होते आणि लोक हातावर हात चोळीत उभे होते. काही डॉक्टर होते, बँकेतील मंडळी होती, दोन-तीन राजस्थानी कुटुंबे होती. एका दगडाला शेंदूर लावून त्यापुढे नारळ ठेवला होता. एक बाई सर्वांना कुंकवाचा टिळा लावीत होती. शालनबाई आपोआप बाजूच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

नारळ फुटण्याआधी अनिमेष डॉक्टर त्यांच्याजवळ आले. "मावशी, तुम्ही सगळ्यात पुढे या. रांगेत पहिली जागा तुमची."

शालनबाई दचकल्या. नंदकिशोर यांना जाऊन अजून वर्ष झाले नव्हते. त्यांच्या माहेरी काय आणि सासरी काय, अशी बाई शुभकार्याच्या आरंभी पुढे उभी राहत नाही. तिला कोणी ढकलून मागे लावीत नाही. ती स्वतःच स्वयंपाकघरात जाते, आणि कोणीतरी तिला हाक मारण्याचे विसरते. डॉक्टरांनी डब्याची आठवण ठेवून, वयाकडे पाहून आपल्याला मान दिला, असे शालनबाईंना वाटले. त्यांना बरे वाटले आणि संकोचही वाटला. तो मान घेणे योग्य नव्हते, आणि का योग्य नाही हे चारचौघांत सांगणे त्याहून अवघड होते.

"नको बाळा. तुम्ही व्हा पुढं. मी येते मागून."

"मावशी, ऐका ना. पुढेच बरं पडेल."

"मागून येते म्हटलं ना. मला सवय आहे."

डॉक्टर काही सांगणार होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, मान खाजवली, आणि ते परत फिरले. नारळ फुटला. रांग चालू लागली. सर्व जण पुढे गेल्याची खात्री करून घेऊन शालनबाई झाडाखालून निघाल्या.

पहिला चढ सोपा होता. वाट गुरे चारणाऱ्यांची असावी. दोन्ही बाजूंना निवडुंग होते आणि इकडे ज्यांना धोक म्हणतात ती पाने झडलेली झाडे होती. शालनबाई हळूहळू चालत होत्या. पुढची माणसे वळणाआड जात, आणि थोड्या वेळाने त्यांच्या हसण्याचा आवाज वरून येई. वाटेत मोठा, सपाट दगड दिसला की त्यांच्या मनात येई, येथे हे बसले असतील का. पण असे दगड पुष्कळ होते, आणि त्यांनी कोणत्या दगडावर बसून घाम पुसला हे विचारण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

वळणापलीकडे सर्व मंडळी विसाव्याला बसलेली दिसली. कोणी संत्री सोलत होते, कोणी बूट काढून पाय मोकळे करीत होते. शालनबाई तेथे पोहोचल्या आणि एका धोंड्याला हात टेकून उभ्या राहिल्या.

"चला, मावशी आल्या," कोणी तरी म्हणाले. सर्व जण ताजेतवाने होऊन उठले आणि चालू लागले.

शालनबाईंनी एक श्वास घेतला आणि त्याही चालू लागल्या. आपल्यासाठी इतकी माणसे खोळंबली याचीच त्यांना लाज वाटली होती. आणखी थांबा, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

पुढच्या विसाव्यालाही तसेच झाले. त्याच्या पुढच्यालाही तसेच. पुढचे चालत, बसत, पाणी पीत, आणि शालनबाई पोहोचल्या की उठत. ज्यांना विसाव्याची गरज कमी होती त्यांना तो पुरेपूर मिळत होता. जिला खरोखर गरज होती ती बाई पायथ्यापासून एकदाही बसली नव्हती. हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण त्यांना ती केवळ पोहोचताना दिसे.

दोन डोंगरांमधल्या खिंडीत एक वाळलेले झाड होते. तेथे आल्यावर शालनबाईंना पुढे पाऊल टाकवेना. त्या झाडाच्या बुंध्याशी बसल्या. मंडळी त्या खिंडीच्या वरच्या टोकाला बसली होती. शालनबाईंना ती दिसत होती, पण उठून तेथपर्यंत जाण्याचे बळ नव्हते. त्यांना रडू येत नव्हते, रागही येत नव्हता. कोणी येऊन पांघरूण घातले असते, तर त्या तेथेच झोपल्या असत्या.

काही वेळाने वासंतीवहिनी खाली उतरून आल्या. त्यांच्यामागे अनिमेष डॉक्टर होते, आणि बँकेत नवीन लागलेला स्वप्नील नावाचा तरुण होता.

"काय गं," वासंतीवहिनी म्हणाल्या, "घरात सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवतेस ते जेवतेस. डोंगरावर पण शेवटचीच का?"

"तुम्ही जा पुढं, वहिनी."

"पुन्हा तेच."

डॉक्टरांनी त्यांची नाडी पाहिली, पाणी दिले, खडीसाखरेचा खडा दिला. मग ते उकिडवे बसले आणि म्हणाले, "मावशी, त्रास काही नाही, तुम्ही फक्त दमला आहात. पण आम्हाला उजेड असेपर्यंत उतरायचं आहे. तुम्ही इथेच थांबा. एक माणूस तुमच्याजवळ ठेवतो. येताना तुम्हाला घेतो."

"आणि बापूंची जागा?"

डॉक्टर खाली पाहू लागले. "मी शेठजींशी बोलून बघतो."

"आणि त्यांचा तो नियम?"

"नियम तर आहेच, मावशी."

शालनबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांपुढे बसची पायरी आली आणि प्रभाताईंचा हात आला. तो हात बापूंच्या दंडाला धरलेला असे.

"तिच्याऐवजी मी दोनदा चढते," वासंतीवहिनी म्हणाल्या. "चालेल का तुमच्या शेठजींना?"

"तुम्ही एकदा चढा आधी. किती धापा टाकताय," शालनबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"मी धापा टाकते, कारण मी बोलते. डॉक्टर, मला एक सांगा. ही आली रे आली की तुम्ही सगळे उठता. तिनं बसायचं कधी? तुम्ही शिकलेली माणसं ना?"

अनिमेष डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "काकू, म्हणूनच मी सकाळी मावशींना पुढे या म्हणत होतो. डोंगरात तसाच नियम असतो. जो सगळ्यात हळू चालतो, तो पुढे. मग सगळी रांग त्याच्या चालीनं चालते. कोणी मागे सुटत नाही."

शालनबाईंनी डोळे उघडले.

"म्हणजे तो मान नव्हता?"

"मान?" डॉक्टर गोंधळले. "नाही, मावशी. मतलब, मान आहेच तुमचा. पण ती जागा... आता सगळ्यांसमोर कसं म्हणू की तुम्ही सगळ्यात हळू चालता. तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणून मी गप्प बसलो."

वासंतीवहिनींना हसू आवरेना. त्या झाडाला धरून हसल्या. "घ्या. ही मान नको म्हणून मागं राहिली, आणि मान कोणी दिलाच नव्हता."

शालनबाईंनाही थोडे हसू आले. पण ते टिकले नाही. "तिथं नारळ फुटत होता, वहिनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुंकू लावत होते. अजून वर्ष नाही झालं. मी पुढं कशी उभी राहू?"

वासंतीवहिनींचे हसू थांबले. त्यांनी पदराने तोंड पुसले आणि त्या दुसरीकडे पाहू लागल्या. त्यांचे यजमान घरी होते, सुखरूप होते, सकाळी त्यांनीच बसपर्यंत सोडले होते. सकाळी कुंकू लावून घेताना त्यांच्या मनात हे आलेही नव्हते.

"मतलब?" डॉक्टरांनी विचारले. "नारळाचं काय?"

"घरी गेल्यावर आईला विचारा," वासंतीवहिनी म्हणाल्या.

शालनबाई पायांतील बुटांकडे पाहत बसल्या होत्या. मग त्यांनी विचारले, "मी पुढं चालले तर ही सगळी माणसं मागं राहतील? कोणी पुढं जाणार नाही?"

"कोणी नाही. तुम्ही थांबलात तर सगळे थांबतील."

"आणि उजेड?"

"नीट चाललो तर होईल. मी सकाळीच हट्ट करायला हवा होता."

"मान असता तर घेतला नसता," शालनबाई म्हणाल्या. "हळू चालणाऱ्याचं काम असेल तर ते माझंच आहे. हात द्या."

त्या उठल्या. डॉक्टरांच्या आधाराने त्या खिंडीच्या वरच्या टोकाला पोहोचल्या. तेथे सर्व मंडळी बाजूला झाली आणि शालनबाई त्यांच्यामधून पुढे गेल्या. आयुष्यात इतक्या लोकांच्या पुढे त्या कधी चालल्या नव्हत्या. त्यांना पाठीला ऊन लागल्यासारखे वाटू लागले. मागे पाहण्याचे धाडस त्यांना झाले नाही. त्या समोरच्या दगडाकडे पाहत, पाय ठेवीत, दुसरा पाय त्याच्याजवळ आणीत. एवढेच त्यांना जमत होते.

"या चालीनं तर उद्या पोचू," मागून स्वप्नील कोणाला तरी म्हणाला.

"तुझं लग्नबिग्न आहे का उद्या?" वासंतीवहिनींचा आवाज आला.

"नाही, काकू."

"मग घाई कसली?"

मागे हशा पिकला. नंतर हळूहळू बोलणे कमी झाले. चढ उभा होता आणि माती सैल होती. शालनबाई थांबल्या की रांग थांबे. त्या निघाल्या की निघे. पहिल्या दोन वेळा त्यांना वाटले, आता कोणीतरी चडफडेल. कोणी चडफडले नाही. सकाळपासून धावत आणि बसत आलेली ती माणसेही एव्हाना दमली होती, आणि हळू चालणे त्यांच्याही पायांना मानवू लागले होते. ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही. फक्त आता विसाव्यासाठी बसावे, असे कोणी म्हणत नव्हते.

"मावशी," बऱ्याच वेळाने स्वप्नील म्हणाला. तो त्यांच्या अगदी मागे होता. "मघापासून तुमच्या पाठीवरचं नाव वाचतोय. नंदकिशोर म्हणजे काका?"

"हो."

"फार छान शिवलंय. कसे होते ते?"

शालनबाईंना बोलण्यासाठी श्वास जुळवावा लागला. "चहा बशीतून प्यायचे," त्या म्हणाल्या. दोन दगड चढून झाल्यावर म्हणाल्या, "आवाज करायचे पिताना."

"आणि?"

"आणि काय. चांगले होते."

सकाळभर त्या सर्वांच्या मागे होत्या, तेव्हा ते नाव फक्त झाडांनी पाहिले होते. आता रांगेतील बहुतेकांना ते दिसत होते. ज्यांना दिसत नव्हते त्यांना पुढचे सांगत होते. कोणीतरी हिंदीत विचारले, "ये नंदकिशोरजी कौन थे?" आणि वासंतीवहिनींनी काही उत्तर दिले. शालनबाईंना ते ऐकावेसे वाटले, पण कानात स्वतःच्या श्वासाचा आवाज इतका होता की ऐकू आले नाही.

माथ्याच्या थोडे अलीकडे त्यांचा डावा गुडघा दगा देऊ लागला. त्या हातांनी धरून धरून चढू लागल्या. डॉक्टर मागून म्हणाले, "मावशी, ओढू का?"

"नको. मग शेठजी म्हणतील, ओढून आणली."

"ते इथे कुठे आहेत?"

"तरी नको."

अखेर चढ संपला. वर चुन्याने रंगवलेला एक चौथरा होता, शेंदूर फासलेला भैरूजीचा दगड होता, आणि वाऱ्याने चिंध्या झालेले दोन ध्वज होते. शालनबाईंनी माथ्याच्या सपाट जमिनीवर एक पाय ठेवला, मग दुसरा ठेवला. अनिमेष डॉक्टरांनी शेठजींना पाठवण्यासाठी त्यांचा फोटो घेतला. "पाठमोऱ्या उभ्या राहा, मावशी, नाव दिसलं पाहिजे," असे म्हणून दुसरा फोटो घेतला, आणि मंगळवारपासून बापूंकडे गाडी जाईल असे सांगितले. वासंतीवहिनी आपल्या भावाचे नाव पाठीवर घेऊन चौथऱ्याशी डोके टेकून बराच वेळ उभ्या होत्या. त्यांची जीभ प्रथमच गप्प होती.

शालनबाईंना वाटले होते की येथे आल्यावर आपल्याला भरून येईल. तसे झाले नाही. खाली कानोत्याच्या धरणाचे पाणी दिसत होते, शेते दिसत होती, दूर धुरकट झालेले शहर दिसत होते. हेच ते पाहत असत, आणि घरी येऊन "वरून फार छान दिसतं" एवढेच सांगत. खरोखर छान दिसत होते. पण छान पाहण्यासाठीही अंगात थोडे त्राण लागते, आणि ते शालनबाईंच्या अंगात उरले नव्हते. त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि प्रभाताईंना लावला.

"प्रभाताई, पोचले."

"कुठं पोचलात?"

"तुमच्या कानोत्याच्या डोंगरावर. भैरूजीच्या."

"तुम्ही? आज कशाला तिकडं?"

शालनबाईंनी सर्व सांगितले. सांगताना त्यांना दोनदा थांबावे लागले. संस्थेच्या गाडीत बापूंची जागा झाली, मंगळवारी सकाळी गाडी येईल, असे त्या शेवटी म्हणाल्या.

"दारापर्यंत येईल का गाडी?" प्रभाताईंनी विचारले.

"दारापर्यंत येईल. परतही सोडेल."

"बस नाही म्हणजे."

"बस नाही."

मग चपला ओढीत चालल्याचा आवाज आला. "अंगणात आले," प्रभाताई म्हणाल्या. "तुम्ही दिसता का बघते... डोंगर दिसतो. माणसं नाही दिसत."

"एवढ्या लांबून कशी दिसतील."

"पाय दुखत असतील तुमचे."

"हो," शालनबाई म्हणाल्या. "फार दुखतात."

"मग बसा. बोलू नका."

शालनबाई चौथऱ्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी पाय लांब केले. फोन दोघींपैकी कोणीच बंद केला नाही. थोड्या वेळाने पलीकडून बापूंच्या खोकल्याचा आवाज आला, आणि प्रभाताई त्यांना काहीतरी सांगू लागल्या. वारा सुटल्यामुळे त्यांचे शब्द नीट ऐकू येत नव्हते.